खरेदीबाईंनी गाडी मागवली

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. खरेदी विभागाच्या एकाच टेबलामागे एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळ्यांच्या त्या खरेदीबाई. बेअरिंगपासून रबरी वॉशरपर्यंत आणि नटबोल्टपासून झाडूपर्यंत जे काही कारखान्याच्या फाटकातून आत यायचं, त्याचा भाव त्या टेबलावर ठरायचा. माल पुरवणारे लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘कात्री’ म्हणत. हे बाईंना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे आणि कौतुकही नसे. टेबल सांभाळायचं म्हणजे असं काहीतरी नाव पडणारच, एवढंच त्यांचं म्हणणं.

लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय खाली, बाई वर, असं दोन मजल्यांचं घर. भावाचं चष्म्याचं दुकान, भावजय शाळेत गणित शिकवणारी. जेवण तिघांचं एकत्र, खालीच.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. जेवता जेवता बाई म्हणाल्या, “मी गाडी घेतेय. स्पोर्ट्स कार. दोन सीटची.”

भावाचा घास हातातच राहिला. भावजयीने आधी त्याच्याकडे आणि मग बाईंकडे बघितलं.

“दोनच सीटची? मग आम्ही कुठे बसायचं, ताई?”

“तुमची गाडी आहे की. तिच्यात बसा.”

“पण का?” भावाने विचारलं. “या वयात? गुडघे बघ तुझे.”

“हवी आहे म्हणून.”

याच्यापुढे बाईंनी कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं नव्हतंच. माल बघायला जायचं असलं की त्या कारखान्याची छोटी व्हॅन स्वतः चालवत जायच्या. व्हॅनचा गिअर असा घट्ट, की तो टाकताना खांद्यातून कळ यायची. मोठ्या रस्त्यावर मधूनच एखादी बुटकी गाडी शेजारून निघून जायची आणि मागे नवं कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज ठेवून जायची. त्या आवाजाच्या आत बसून बघावं, असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. पैसे साठले होते, मागे खाणारं कुणी नव्हतं. एवढंच.

गाडी घ्यायची म्हटल्यावर बाईंनी ती कारखान्यासाठी यंत्र घ्यावं तशीच घ्यायची ठरवली. आसपासच्या तीन शोरूमना एकच पत्र पाठवलं, सतरा प्रश्नांचं. किमतीचा प्रश्न सतरावा. एका शोरूमने उत्तरच दिलं नाही. दुसरं हमरस्त्यावरचं होतं, त्याने रंगीत पुस्तिका पाठवून दिली. गावातल्या शोरूममधून मात्र फोन आला.

“ताई, तुमचे सतरा प्रश्न मिळाले. तुम्ही वकील आहात का?”

“नाही. गिऱ्हाईक आहे.”

पलीकडचा माणूस हसला. “मग या एकदा. बाराची उत्तरं मी देतो. पाच मलाही विचारावी लागतील.”

शनिवारी दुपारी बाई भावाला घेऊन गेल्या. शोरूम म्हणजे नुसती काच. फरशी इतकी गुळगुळीत, की बाईंच्या ऑफिसच्या चपला पावलागणिक कुरकुरत होत्या. मध्यभागी एका फिरत्या चौथऱ्यावर पिवळी गाडी सावकाश गोल फिरत होती. फोनवरचा विक्रेता पुढे आला. पन्नाशीचा, कानांवरचे केस पिकलेला, टायची गाठ नीट मारलेला. तो थेट भावाकडे वळला.

“या साहेब. रंग कोणता बघायचाय?”

“मला नका विचारू,” भाऊ म्हणाला. “मी नुसता सोबतीला.”

विक्रेत्याचा चेहरा उतरला. पण त्याने सारवासारव केली नाही. बाईंना म्हणाला, “चुकलं माझं, ताई.” एकतीस वर्षांत समोर बसलेल्या विकणाऱ्याच्या तोंडून हे दोन शब्द बाईंनी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकले होते. त्यांनी ते लक्षात ठेवलं. बोलून दाखवलं नाही.

“आधी ते फिरणं थांबवा,” त्या म्हणाल्या. “फिरती वस्तू मी बघत नाही.”

मग चालवून बघायची गाडी बाहेर आणली. ती इतकी बुटकी, की बाईंना तिच्यात बसणं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखं. एक पाय आत टाकला आणि घोडं अडलं. दुसरा पाय कुठे न्यायचा ते कळेना.

“ताई, उलट करा,” विक्रेता म्हणाला. “आधी पाठ करून बसा. मग दोन्ही पाय एकदम आत.”

तसं केलं आणि जमलं. तो शेजारी बसला. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर बाईंनी पाय जरा दाबला, आणि इतकी वर्षं शेजारून गेलेला तो आवाज आता पाठीमागून, मणक्यातून वर चढला. परत येऊन गाडी रेषेत उभी केली, किल्ली त्याच्या हातात दिली.

“कशी वाटली?”

“ब्रेक जरा लवकर लागतो.”

वस्तू आवडली हे विकणाऱ्याला कळलं, की भाव तिथेच वाढतो. हे बाईंच्या हाडात भिनलेलं. पण टेबलाशी बसल्यावर त्यांनी मांडीवरच्या रुमालाला दोन्ही तळवे पुसले, ते विक्रेत्याने बघितलं असावं. त्यानेही ते बोलून दाखवलं नाही.

त्याने कागद पुढे सरकवला. गाडीची किंमत, नोंदणी, विमा, हाताळणी खर्च, चकाकीचं पॅकेज, अ‍ॅक्सेसरीज. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली.

“हाताळणी म्हणजे काय?”

“कारखान्यातून गाडी इथे आणायची, उतरवायची, धुवायची...”

“ते किमतीत धरलंय. तुमच्याच कंपनीच्या छापील पत्रकात तिसऱ्या पानावर लिहिलंय.” पेन्सिलीची रेघ पडली. “आणि ही चकाकी? नवी गाडी चकाकत नाही का?”

दुसरी रेघ. अ‍ॅक्सेसरीजवर तिसरी. विम्यावर पेन्सिल आली तशी बाईंनी पर्समधून दुसरा कागद काढला. बाहेरच्या विम्याचं कोटेशन, बरंच स्वस्त. विक्रेत्याने मान वळवून मॅनेजरच्या काचेच्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, बाकी काय खोडायचं ते खोडा. विमा तेवढा इथूनच घ्या. माझं जे काही सुटतं ते त्यातच.”

“किती सुटतं?”

त्याने खरा आकडा सांगितला. खरा होता हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून नाही, आकड्याच्या लहानपणावरून कळलं. खोटं सांगणारा माणूस, आपलं किती बुडतंय ते दिसावं म्हणून, याहून मोठा सांगतो.

“बाहेरच्या दराला आणा. मग तुमच्याकडूनच घेते.”

आता खरा मुद्दा. गाडी तयार नव्हती. मागणी नोंदवायची, मग कारखान्यात ती बनणार, आणि पाच महिन्यांनी हातात येणार. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! बुकिंगच्या अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “आज ठरेल तो भाव त्या दिवशीही तोच राहील, असं लिहून द्या.”

“ते कुणालाच देत नाही आम्ही.”

“मग याला भाव म्हणू नका. अंदाज म्हणा. अंदाजाचे पैसे मी अंदाजाने देईन. चालेल?”

भावाला खोकला आला. विक्रेता उठला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर तरतरीत, घड्याळ दिसेल असा हात हलवत बोलणारा. त्याने थंड पेय मागवलं, बाईंच्या अनुभवाची तारीफ केली आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, या गाडीवर सूट नसते. पण तुमच्यासाठी पायांखालच्या मॅट, टोपी आणि आमची खास छत्री, आमच्याकडून भेट!”

आवळा देऊन कोहळा काढणारे बाईंनी रोज सकाळी दहापासून बघितले होते.

“छत्री आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “शेकडा सहा कमी, आणि भाव लेखी. विचार करून कळवा.” आणि उठल्या.

दोन आठवडे काहीच कळलं नाही. मग भलतीकडूनच फोन आला. हमरस्त्यावरच्या शोरूमचा मालक स्वतः. तीच गाडी, तोच रंग, शेकडा अकरा कमी. फक्त अर्धी रक्कम आधी भरायची.

भाऊ दुकान बंद करून आला आणि ऐकून खुर्चीतच उडाला. “अकरा! ताई, बघतेस काय? लक्ष्मी टिळा लावायला आलीय, तू तोंड धुवायला जाऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेबलाशी बसून बाईंनी त्या मालकाला फोन लावला.

“एवढ्यात तुम्हाला परवडतं कसं?”

तो मोठ्याने हसला. “ते आमच्यावर सोडा ना, बाई. तुम्हाला स्वस्त मिळतंय ना? बास!”

बाईंनी नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

हा प्रश्न त्या चौदा वर्षं विचारत होत्या. त्याच्या आधी विचारत नसत. त्या काळात भाव पाडणं म्हणजे पाडणं. समोरचा घामाघूम होऊन ‘हो’ म्हणाला, की त्या दिवसाचं काम झालं. एका रबरी सील पुरवणाऱ्याला त्यांनी असंच चार बैठकांत इतकं खाली आणलं होतं, की मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. त्या माणसाने त्या भावात माल दिला खरा. रबरात काय मिसळलं ते त्यालाच माहीत. तीन महिन्यांनी चाचणीसाठी गरम पाण्याचा पंप चालू असताना सील फुटलं, आणि जवळ उभ्या असलेल्या फिटरचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

बाई दवाखान्यात गेल्या. फिटर औषधाच्या गुंगीत होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याचा डबा, तसाच न उघडलेला. बाईंना ती ओळखत होती. रागावली नाही, रडली नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “बाई, एका नगामागे किती वाचले हो?”

बाईंना आकडा पाठ होता. दशांशासकट. त्यांना तो सांगता आला नाही. फिटरचा हात बरा झाला, पण मूठ पुरती वळेना. त्याला पुढे गोदामात बसतं काम दिलं. बाईंवर कुणी ठपका ठेवला नाही. कागद सगळे बरोबर होते. त्यांनी मात्र कानाला खडा लावला. त्यानंतर भाव पाडून झाला, की त्या पेन्सिल खाली ठेवून विचारत, एवढ्यात परवडतं कसं? ज्याला सांगता येई त्याचा माल घेत. ज्याला येत नसे त्याला चहा पाजून परत पाठवत. लोक तरीही कात्रीच म्हणत राहिले, कारण कापणं काही थांबलं नव्हतं. फक्त कुठे थांबायचं ते कळलं होतं.

भावाला हे सगळं ठाऊक होतं. तरी तो चिडला. “सील वेगळं, गाडी वेगळी. गाडी कंपनीच बनवते, तो काय तिच्यात भेसळ करणार आहे?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच नको.”

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा गावातल्या विक्रेत्याचा फोन आला. बाई कारखान्यातून परस्पर गेल्या. या वेळी मॅनेजर बाहेर आला नाही. विक्रेता एकटाच होता, समोर टाइप केलेलं पत्र.

“शेकडा चार. भाव सहा महिने बांधलेला, लेखी. विमा तुमच्या दराने. त्याहून उशीर झाला तर आगाऊ रक्कम पूर्ण परत. सहा टक्के मागा, ताई, महिनाअखेर आहे, विक्रीचा आकडा गाठायचाय, कदाचित मिळतीलही. पण मग मला काय उरेल ते विचारू नका.”

“चारात काय उरतं?”

त्याने एका कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड करून दाखवली. शोरूमचं इतकं, त्याचं इतकं, नोकर-भाडं-वीज इतकी. बाईंनी प्रत्येक ओळ वाचली. एका ठिकाणी त्याची बेरीज चुकली होती, ती सुधारली. सुधारल्यावर त्याचाच फायदा निघाला, म्हणजे दाखवलं त्यापेक्षा त्याला थोडं जास्त उरत होतं. तेही सांगितलं.

“चार,” त्या म्हणाल्या. “सही करा. मॅनेजरांचीही घ्या.”

विक्रेत्याने पेनचं टोपण काढलं. “मला वाटलं होतं तुम्ही अजून ताणाल.”

“ताणता येतं. तुटेपर्यंत ताणू नये.”

रंग त्यांनी करडा निवडला. विक्रेता म्हणाला, या गाडीचा करडा रंग सहसा कुणी घेत नाही. बाई म्हणाल्या, धूळ दिसत नाही.

चौथ्या महिन्यात कंपनीने किमती वाढवल्या, शेकडा सात. मॅनेजरचा फोन आला. आवाजात आधीचा मध होताच. “मॅडम, परिस्थिती बदललीय. निम्मा फरक तुम्ही सोसा, निम्मा आम्ही.”

“पत्रात असं नाही.”

“असं कुणी कागद धरून बसतं का?”

“मी बसते.”

संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. त्याला काही मागायचं नव्हतं. गाडी कारखान्यातून निघाली, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की लेखी भाव द्यायला लावला म्हणून मॅनेजरने चारचौघांत त्याची हजेरी घेतली होती आणि त्याचं त्या महिन्याचं कमिशन अडकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि विणकामाची पिशवी घेऊन त्या सकाळी दहाला शोरूममध्ये गेल्या आणि दारासमोरच्या कोचावर बसल्या. मॅनेजरने विचारलं काय हवंय. “मालकांची वाट बघतेय,” त्या म्हणाल्या. मालक आज येणार नाहीत, असं तो म्हणाला. “मग उद्या डबा घेऊन परत येते.”

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघायचं. एका जोडप्याने जवळ येऊन विचारलं, इथली सेवा कशी आहे? बाई खरं तेच बोलल्या. “विक्रेता चांगला आहे. मॅनेजरचं अजून ठरलं नाही.” एक वाजता त्यांनी मांडीवर रुमाल पसरून डबा उघडला. अडीच वाजता मालक आला. बाईंनी पत्र पुढे केलं आणि अडकलेल्या कमिशनचंही सांगितलं. त्याने पत्र वाचलं, खाली मॅनेजरचीही सही आहे ते बघितलं, मॅनेजरला आत बोलावलं. आत काय झालं ते काचेतून नुसतं दिसलं, ऐकू आलं नाही. पावणेतीनला भाव तोच राहिला आणि कमिशनही सुटलं. तोवर मोज्याची टाच विणून झाली होती.

गाडी ठरल्या आठवड्यात आली. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने तीच गाडी हमरस्त्यावरच्या शोरूममधून घेतली होती, लाल रंगाची, अकरा टक्के कमी देऊन. त्याची तर तीन आठवडे आधीच आली. बाईंनी मुद्दाम जाऊन ती नीट बघितली. दारं उघडून, खाली वाकून, इंजिन चालू करून. काहीही खोट सापडली नाही. अजूनही उत्तम चालते.

“मग?” भावाने विचारलं.

“मग काही नाही. चांगली गाडी आहे.”

निवृत्तीनंतर गल्लीतले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक बाईंकडे येऊ लागले. फ्रीज घ्यायचाय, दुकानाचा गाळा घ्यायचाय, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. बाई कुणाबरोबर जात नसत. एकदाच गेल्या, कारण विचारणारा तो विक्रेताच होता. त्याच्या मुलीसाठी घर बघायचं होतं. बाई त्याला शेजारच्या सीटवर बसवून घेऊन गेल्या. आता आधी बसून मग पाय आत घ्यायचं त्यांना सरावाने जमत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी तासभर बघितल्या, नळ सोडून, खिडक्या ओढून, गच्चीवर जाऊन. खाली आल्यावर स्पष्ट सांगितलं, “घेऊ नका. भाव बरोबर आहे, पण उत्तरेच्या भिंतीत ओल आहे. दरवर्षी खर्चात पाडेल.”

विक्रेत्याने मान डोलवली. आणि पंधरा दिवसांनी तेच घर घेतलं. मुलीला तिथल्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं आणि तिला ते फार आवडलं होतं.

त्याने हे फोनवर जरा भीतभीतच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“किती कमी करून घेतलं?”

“शेकडा तीन.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “रंग देण्याआधी ती भिंत खरवडून घ्या. आणि गिलाव्याचा भाव मला विचारल्याशिवाय ठरवू नका.”